सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय

लॅपटॉप सुरू केला की आधी त्याच्या कळांखालून लाल, निळे, हिरवे दिवे पळायचे, मग आतला पंखा एखाद्या रागावलेल्या माणसासारखा श्वास टाकायचा, आणि एवढा थाटमाट झाल्यावर पडद्यावर एक पाटी यायची: जागा शिल्लक नाही. गेमची नवी आवृत्ती उतरवून घेतल्याशिवाय गेम उघडणार नाही, आणि ती उतरवायला जागा नाही. पाटीखाली एकच बटण होतं. त्यावर 'ठीक आहे' असं लिहिलेलं असे. थोरलीला त्या बटणाचा फार राग यायचा. ठीक काहीच नव्हतं.

लॅपटॉप बाबांचा होता. जन्मभर अभिलेख कक्षात फायलींना फिती बांधणाऱ्या आणि सायकलच्या पुढे कुठलंही वाहन न चालवलेल्या या माणसाने निवृत्त झाल्यावर तरुण पोरं बंदुका झाडायला घेतात तसला दणकट लॅपटॉप घेतला, आणि त्यावर ट्रक चालवायला सुरुवात केली. गेममधले बाकीचे ट्रकवाले सिग्नल तोडत, कुंपणं उडवत, एकमेकांना ठोकत जात. बाबा मोकळ्या रस्त्यावरही वेगमर्यादा पाळत. गोदामाच्या आवारात वळतानासुद्धा आधी इंडिकेटर देत. समोरच्या घरातले काका, ज्यांना सगळी इमारत 'सल्लागार' म्हणे, ते शेजारी बसून कळवळायचे, "अहो, चिटपाखरू नाही रस्त्यावर! दामटा की!" त्यावर बाबा शांतपणे म्हणत, "तुम्ही आहात ना."

आई दुसऱ्या बाजूला बसून वळणं सांगायची.

एके दिवशी बाबांना हॉस्पिटलात हलवताना गडबडीत गेम बंद केला गेला. तिथे गेल्यावर बाबांनी आईला जवळ बोलावून सांगितलं, "काचेचा माल आहे. मधेच उभा राहिलाय. तेवढा पोचवायला हवा." सलाईन लावणाऱ्या नर्सने आदराने विचारलं, "किती गाड्या आहेत तुमच्या?"

"एकच," बाबा म्हणाले.

ते घरी आले नाहीत. आईने नंतर कशाचाच हट्ट धरला नाही, फक्त थोरली रविवारी आली की चहाचा कप पुढे करत ती म्हणायची, "तो माल मधेच आहे गं." जणू कोणी पाहुणा दारात उभा आहे आणि घरातलं कोणीच उठत नाहीये.

थोरली कॉलेजात ग्रंथपाल होती. एखादी गोष्ट माहीत नसली की तिला अपमान झाल्यासारखं वाटत नसे, भूक लागल्यासारखं वाटे. तिने लॅपटॉप मांडीवर घेऊन आधी जागा खाल्ली कोणी ते शोधलं. उत्तर चटकन सापडलं. तो अवाढव्य गेम लॅपटॉपमध्ये तीनदा होता. एका कप्प्याचं नाव 'मूळ प्रत', दुसऱ्याचं 'स्थळप्रत', तिसऱ्याचं 'राखीव'.

"तीन प्रती?" तिने विचारलं.

"मग?" आई म्हणाली. "एका प्रतीवर कधी काम भागतं का? हे म्हणायचे, एक प्रत म्हणजे एकही नाही."

"दोन पुसून टाकल्या तर जागा होईल आई."

"आणि ट्रक कोणत्या प्रतीत उभा आहे?"

गेम उघडल्याशिवाय ते कळणार नव्हतं, आणि पुसल्याशिवाय गेम उघडणार नव्हता. आईने निकाल देऊन टाकला. "एकही पुसायची नाही. जागा वाढव."

अशा रीतीने घरात एसएसडी हा शब्द शिरला.

थोरलीने परदेशातल्या धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, सोपं आहे, जुनी डिस्क काढायची, मोठी घालायची. मग त्याने तिला एवढे संदेश पाठवले की सोपं हा शब्द त्याने कोणत्या अर्थाने वापरला असावा याचा तिला प्रश्न पडला. थोरलीने मात्र सगळं वाचलं. आवडीने वाचलं. वाचनालयात दुपारची वेळ असे, एखादा विद्यार्थी पुस्तकावर डोकं ठेवून झोपलेला असे, आणि थोरली 'तुलना' नावाच्या अथांग प्रकारात बुडालेली असे. तिला कळलं की एसएसडी नावाच्या या डिस्कमध्ये काहीही फिरत नाही. चकती नाही, काटा नाही, आवाज नाही. अतिसूक्ष्म कोनाडे असतात आणि त्यांत विजेचा कण कोंडून ठेवलेला असतो, आणि तो तिथे आहे की नाही एवढ्यावरच माणसाचं सगळं लिहिलेलं उभं असतं. प्रत्येक कोनाड्यावर ठरावीक वेळाच लिहिता येतं. मग तो थकतो. आणि बरेच दिवस वीज मिळाली नाही, तर कोंडलेलं हळूहळू पाझरून जाऊ शकतं.

हे शेवटचं वाक्य वाचल्यावर ती घरी फोन करून म्हणाली, "आई, लॅपटॉप चार्जिंगला लाव."

"लावलेलाच असतो," आई म्हणाली. "ह्यांचा फोनही लावते रोज."

सल्लागारांना बातमी कळायला वेळ लागला नाही, कारण त्यांचं दार कायम उघडं असे आणि कान दाराच्याही बाहेर. "वहिनी, कोणाला न विचारता काही घेऊ नका," असं म्हणत ते आत आले ते खुर्चीसकट मुक्कामालाच. आयुष्यभर पंखे बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते. एखादी वस्तू नापास केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांच्या ओळखीच्या दुकानातून, त्यांच्या शब्दावर, पहिली एसएसडी आली. पत्त्यांच्या जोडाएवढी, काळी, गुळगुळीत, देखणी. धाकट्याने व्हिडिओवर ती पाहिली आणि डोक्याला हात लावला. "ताई, ही जुन्या मशीनसाठी. तुझ्या लॅपटॉपला च्युइंगगमच्या पट्टीसारखी लांबट लागते."

"मग आधी नाही सांगितलंस?"

"तीन वेळा पाठवलंय!"

पाठवलं होतं. थोरलीने वाचलंही होतं. पण सल्लागारांच्या आत्मविश्वासापुढे ग्रंथ थिटे पडतात हे ग्रंथपालालाही मान्य करावं लागतं.

दुकानदाराने डबा उघडलाय म्हणून परत घ्यायला नकार दिला. सल्लागार म्हणाले, डबा उघडल्याशिवाय चूक आहे हे कळणार कसं? दुकानदार म्हणाला, डब्यावर लिहिलंय. सल्लागार म्हणाले, अक्षर बारीक आहे. हा वाद बराच वेळ चालला आणि अखेर दुकानदाराने, वादापेक्षा नुकसान परवडलं असा चेहरा करून, बदलून दिली. दुसरी एसएसडी पट्टीसारखी होती खरी, पण तिच्या पाठीवर कंगव्यासारखा ॲल्युमिनियमचा उंच तुरा होता. "गरम होतात हो या," सल्लागार म्हणाले. "हवा खेळती हवी. पंख्यांत जन्म गेलाय माझा." धाकट्याने ती पाहून आता डोक्याला हातही लावला नाही. नुसता म्हणाला, "हा तुरा झाकणाखाली मावणार का? आत किती जागा आहे ते बघ आधी."

आत बघायचं म्हणून थोरलीने पहिल्यांदाच लॅपटॉप पालथा केला. आणि तिथे, मधल्या स्क्रूवर, लाल किनारीची एक चिकटपट्टी होती. तिच्यावर स्वच्छ छापलं होतं:

मोहोरबंद. सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय उघडू नये.

तिघंही वाकून वाचत राहिले, म्हणजे थोरली, सल्लागार आणि पडद्यातून धाकटा. आई तेव्हा आत पोळ्या करत होती, हे लक्षात ठेवायला हवं.

"कंपनीचं सील," सल्लागार खालच्या आवाजात म्हणाले. "आणि बघ, आपल्या भाषेत. याला म्हणतात ग्राहकाचा मान."

"कंपनी असं लिहिते?" थोरलीला जरा शंका आली. "मोहोरबंद?"

"मोठ्या कंपन्यांत भाषेचे जाणकार ठेवतात. तू ग्रंथपाल आहेस, तुला माहीत हवं."

तिचा अभिमान दुखावला आणि शंका तिथेच विरली. धाकटा म्हणाला, सील फोडलं तर वॉरंटी जाईल, अजून शिल्लक आहे, उगाच हात लावू नको. दुकानदाराकडे नेला तर त्यानेही पट्टी वाचून हात मागे घेतला. "ताई, सक्षम अधिकारी म्हणजे मी नव्हे," तो नम्रपणे म्हणाला. एवढं नम्र तो आधी एकदाही बोलला नव्हता.

मग थोरलीने त्या झाकणाला हात न लावता आत डोकावण्याचे प्रयत्न केले. हवेच्या जाळीतून बॅटरीचा उजेड टाकला. आत धूळ दिसली. आईच्या शिवणाच्या टेपने कडेची जाडी मोजली. सल्लागारांनी तीच पुन्हा स्वतः मोजली आणि त्यांचं माप वेगळं आलं. दोघांनी आपापलं माप बरोबर धरलं. एव्हाना थोरलीला झोपेतही तीच कोंडी दिसे: डिस्क निवडायची तर आत बघायला हवं, आत बघायचं तर परवानगी हवी, आणि परवानगी द्यायची तर ती कंपनीने.

कंपनीच्या मदतकक्षात फोन लागायला आधी बराच वेळ बासरी ऐकावी लागे. मग एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, "मशीन ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याशी बोलू शकते का?"

"ते नाहीत," थोरली म्हणाली.

"कधी येतील?"

वाचनालयाच्या कोपऱ्यात उभं राहून थोरलीने खिडकीबाहेर पाहिलं. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. 'वारले' हा शब्द तिने बऱ्याच ठिकाणी उच्चारला होता, बँकेत, पेन्शनच्या खिडकीवर, आणि प्रत्येक वेळी तो नव्यानेच बोलावा लागला होता. आज तिला तो बोलवेना.

"ते... आता इथे नसतात."

"म्हणजे बाहेरगावी का?"

"हो," थोरली म्हणाली.

या एका 'हो'ने पुढचा सगळा घोटाळा केला. मुलीने तत्परतेने नोंद घेतली आणि सर परत आले की आम्हीच संपर्क करू, असं आश्वासन दिलं. आश्वासन पाळणाऱ्या कंपन्या जगात थोड्या. नेमकी ही त्यांतली निघाली. बाबांच्या फोनवर, जो आई रोज चार्ज करून फडताळात ठेवायची, दुसऱ्या दिवसापासून फोन यायला लागले. पहिल्यांदा वाजला तेव्हा आईच्या हातातलं भांडंच पडलं. मग तिने तो उचलला.

"नमस्कार. सर आले का परत?"

आईने फोन कानाशी घट्ट धरला. "नाही," ती म्हणाली.

"ठीक आहे मॅडम, उद्या करते."

हे थोरलीला कळलं ते रविवारी. आई सहज म्हणाली, "अगं, एक मुलगी रोज ह्यांची चौकशी करते. गोड बोलते. काल मी विचारलं, जेवलीस का? तर म्हणे, ब्रेक झाला नाही अजून."

थोरलीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने सगळं सांगितलं. सील, परवानगी, बासरी, बाहेरगाव. सल्लागार तिथेच होते. त्यांनी लगेच तोडगा काढला. "वहिनी, मी बोलतो ना फोनवर! त्यांच्याच नावाने. आवाज जरा बसवतो. एक 'हो, परवानगी आहे' म्हणायचं, काम फत्ते." आणि त्यांनी घसा खाकरून बाबांचा आवाज काढून दाखवला. तो इतका वाईट होता की आईला हसू फुटलं. बऱ्याच दिवसांनी फुटलं. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "ह्यांनी तुम्हाला सही करू दिली नसती, आवाज कसला देतायत!"

एवढ्यात फोन वाजला.

थोरली उठली. आईने तिला हातानेच बसवलं आणि फोनचा स्पीकर लावला.

"नमस्कार मॅडम. सर आले का?"

"ते येणार नाहीत बाळा," आई म्हणाली. "ते वारले. माझ्या मुलीला तुला सांगवलं नाही. मी सांगायला हवं होतं, पण तू रोज विचारायचीस ते मला बरं वाटायचं."

पलीकडे बासरीसुद्धा नाही. मग ती मुलगी हळूच म्हणाली, "सॉरी मॅडम. मला माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असणार? बरं, आता कामाचं बोलू. मशीन माझ्याकडे आहे. ते उघडायचंय, आणि त्यावर तुमचं सील आहे म्हणतात. तर सक्षम अधिकारी कोण ते सांग, मी त्यांना भेटते."

"सील?" मुलगी म्हणाली. "मॅडम, या मॉडेलला आम्ही सील लावतच नाही. डिस्क बदलायला परवानगी लागत नाही. नुसतं झाकण उघडायचं."

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. सल्लागारांनी छताकडे पाहिलं.

"बघू गं ते," आई म्हणाली. थोरलीने लॅपटॉप पालथा करून पुढे धरला. आईने चष्मा कपाळावरून खाली घेतला, पट्टी वाचली, आणि उठून भिंतीवरचं घड्याळ काढून आणलं. घड्याळाच्या पाठीवर तीच लाल किनार. मग मिक्सर पालथा केला, तीच. फ्यूजच्या पेटीचं दार उघडलं. आतल्या बाजूला तीच, जरा तिरपी.

"निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातून गुंडाळी घेऊन आले होते," ती म्हणाली. "नवीन साहेबांनी म्हणे या पट्ट्या बंद केल्या, टाकून देणार होते. ह्यांना टाकवेनात. मी म्हटलं, घरात कशाला मोहोरबंद करता? तर म्हणे, माणसं दिसेल ते उघडतात आणि परत नीट लावत नाहीत."

"आई! हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"मला कोणी पालथा करून दाखवलाय का तो? तुम्ही आपले मापं घेत बसलात."

सल्लागार सावरत म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, मोहोरबंद हा शब्द कंपनीचा वाटत नाही."

पलीकडून त्या मुलीचं दाबलेलं हसू ऐकू आलं. आईने तिला वेळेवर जेवायला सांगून फोन ठेवला.

आता उरली पट्टी. थोरलीने नख लावलं आणि थांबली. एवढीशी चिकटपट्टी, पण ती सरळ, चारी कडा दाबून, मध्ये बुडबुडा न ठेवता चिकटवलेली होती, आणि तशी चिकटवणारा हात तिला माहीत होता.

"परवानगी लागेल ना," ती पुटपुटली.

"मी देते," आई म्हणाली. "काढ. फाडू नकोस, सोलून काढ. परत लावायची आहे."

झाकण निघालं. आत धुळीचा पातळ थर, दोन पंखे, आणि एका बाजूला जुनी डिस्क, खरंच च्युइंगगमच्या पट्टीएवढी. तिच्या शेजारी तेवढीच एक जागा रिकामी होती. खाच तयार, टोकाला स्क्रूही बसवलेला. कोणी यावं म्हणून आसन मांडून ठेवावं तशी.

धाकटा पडद्यातून ओरडला, "अरे, दोन जागा आहेत! जुनी काढायचीच नाहीये! शेजारी नवी लावायची!"

थोरलीला इतक्या दिवसांच्या वाचनात हे कुठेच भेटलं नव्हतं असं नाही. भेटलं होतं: 'काही मॉडेलांत दुसरी जागा असते.' पण 'काही' या शब्दात आपण येतो असं माणसाला कधी वाटतं? तिने त्या रिकाम्या खाचेकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ती तडक दुकानात गेली, सल्लागारांना बरोबर न घेता, आणि झाकणाखालच्या जागेचा फोटो पुढे ठेवून तुऱ्याची डिस्क देऊन बिनतुऱ्याची घेऊन आली. दुकानदाराने विचारलं, "परवानगी मिळाली?"

"मिळाली," ती म्हणाली. "वरून."

नवी डिस्क खाचेत सरकली तेव्हा हलकासा 'टक्' आवाज झाला. स्थळप्रत आणि राखीव तिथे हलवल्या, मूळ प्रत जागच्या जागी ठेवली. पुसलं काहीच नाही. नवी आवृत्ती उतरायला पूर्ण दुपार गेली. सल्लागार तेवढा वेळ खुर्चीत बसून राहिले. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं आणि कोणी जा म्हणालं नाही.

पडदा उजळला. रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या रेषेच्या आत, ट्रक नीट उभा होता. मागे काचेच्या तावदानांचा माल. ज्याने तो उभा केला त्याला गडबडीत हॉस्पिटलात हलवत होते. तरी पार्किंगचे दिवे लावलेले होते. दिवे उघडझाप करत होते.

सल्लागार म्हणाले, "खरी गाडी असती तर एव्हाना गेली असती बॅटरी."

थोरली चालवायला बसली. तिने ट्रक सुरू केला, पुढे घेतला आणि लगेच दिव्याच्या खांबाला घासला. काचा खणखणल्या.

"ऊठ," आई म्हणाली.

"तुला येतं?"

"वळणं कोण सांगत होतं मग?"

आई बसली. पदर खोचला, चष्मा बसवला. मागून न येणाऱ्या गाडीला इंडिकेटर दिला आणि ट्रक रस्त्यावर घेतला. सबंध वाट तिने वेगमर्यादा पाळली. सिग्नलला थांबली. पुढे रस्ता मोकळा, सरळ, दोन्ही बाजूंना शेतं. सल्लागारांचे ओठ हलले, 'दा' एवढं अक्षर आलंही; पण त्यांनी तोंड मिटून घेतलं.

गोदामात ट्रक मागे घेऊन लावायचा होता. पहिल्यांदा वाकडा गेला. आईने तो पुन्हा पुढे काढला, पुन्हा मागे घेतला, आणि रेषेत आणून बंद केला. हँडब्रेक ओढला. मगच कळांवरून हात काढले.

पडद्यावर निकाल आला. थोरलीने मोठ्याने वाचला. "माल पोचला. वेळेत. नुकसान: किंचित."

"वेळेत?" सल्लागार चक्रावले. "अहो, इतके महिने झाले!"

"गाडी बंद असते तेवढा वेळ धरत नाहीत," आई म्हणाली. "ह्यांनी सांगितलं होतं मला."

तिने चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा घातला, आणि पडद्यावरचं ते वाक्य स्वतः एकदा वाचून बघितलं.

"वेळेत ते ह्यांचं," ती थोरलीला म्हणाली. "किंचित ते तुझं. आण आता ती पट्टी."